पाण्याची बाटली भरलेलीच घरी जाते

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी १९७४ साली गादी घातली, पुढं मी वाढवलं. आज १४ माणसं कामाला आहेत, त्यांतल्या ८ मुली. मागं गोदामाला लागून एक संडास आहे, तोच सगळ्यांना. आता दुकान नव्यानं करायला काढलंय. सूनबाईंचं म्हणणं, बायकांचं स्वच्छतागृह वेगळं हवंच, कायदाही तसाच आहे. मिस्त्री म्हणतो, जिन्याशेजारी निघेल, पण शालूंचं कपाट जाईल. ते कपाट म्हणजे आमच्या दुकानाचं तोंड आहे. बाजारातले मित्र म्हणतात, जागा तुझी, घरपट्टी तू भरतोस, सरकारचा यात काय संबंध? ज्याला चांगली माणसं टिकवायची असतील तो आपण होऊन सोय करील. नियम आला की मागोमाग इन्स्पेक्टर येणार आणि त्याच्यामागं पाकीट. मलाही ते पटतं. पंचवीस वर्षांत एकाही मुलीनं माझ्याकडं तक्रार केलेली नाही. खासगी दुकानातल्या संडासात सरकारनं पडावं का? मनापासून सांगा.

– एक कापड दुकानदार, सांगली जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एका वाक्यापाशी मी अडले. पंचवीस वर्षांत एकाही मुलीनं तक्रार केलेली नाही. हे खरंच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण आज रात्री दुकान बंद करताना मुली जिथं डबे-पिशव्या ठेवतात त्या फळीवर एकदा नजर टाका. सकाळी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली किती जणींची रिकामी झाली आहे, ते पाहा. लग्नसराईत दिवसभर उभं राहायचं, साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, गिऱ्हाइकाशी बोलून बोलून घसा कोरडा पडतो. आणि तरीही बाटली जवळजवळ भरलेलीच घरी जाते. तुमच्यापर्यंत न आलेली तक्रार तीच आहे.

मला हे ठाऊक आहे, कारण वयाच्या एकविसाव्या वर्षी मीही एका दुकानात काउंटरला उभी होते. गाव आणि दुकान सांगत नाही. मागच्या बोळात संडास होता. त्याच्या दाराची कडी निखळलेली, तिच्या जागी सुतळी बांधलेली. आत गेलं की डाव्या हातानं ती सुतळी धरून ठेवायची आणि उजव्या हातानं साडी सावरायची. पाच पावलांवर हमाल विडी ओढत बसलेले. ते बिचारे काही बोलायचे नाहीत, उलट मान फिरवायचे. पण ती मान फिरवली जाते हेसुद्धा आम्हाला कळायचं. आम्ही तिघी होतो. आम्ही ठरवूनच टाकलं होतं की सकाळी निघताना जाऊन यायचं आणि नंतर थेट घरी. मधल्या नऊ तासांत दोन कप चहा. पाळीच्या दिवसांत ज्यांना जमायचं त्या सुट्टी घ्यायच्या, पगार कापला जायचा. दुसऱ्या वर्षी मला थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, दिवसभरात पाणी किती पितेस? मी खोटं सांगितलं.

आमचे मालक वाईट नव्हते. दिवाळीला साडी द्यायचे, कुणाच्या घरी आजारपण निघालं तर उचल द्यायचे. त्यांना आमचं हे कधी कळलंच नाही, कारण आम्ही सांगितलं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसासमोर उभं राहून कोणती मुलगी म्हणेल, मालक, संडासाच्या दाराला कडी लावा? काम सोडताना मी सांगितलं, घरचे नको म्हणतात. तुमच्याकडून गेलेल्या मुलींनी जाताना काय कारण सांगितलं होतं, ते आठवून पाहा.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सरकारनं पडावं. तुमचे मित्र म्हणतात तसं हे बाजारावर सोडून भागलं असतं, पण त्यासाठी जिला त्रास होतो तिनं तो बोलून दाखवायला हवा, किंवा चांगली सोय असलेल्या दुकानात जाता यायला हवं. ती बोलत नाही. आणि जायचं म्हटलं तर त्या रस्त्यावरच्या सगळ्याच दुकानांत तीच अवस्था. मग कुणी कुठं जायचं? शिवाय तुमच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. उद्या तुम्ही एकट्यानं कपाट काढून तिथं स्वच्छतागृह बांधलंत तर तुमची तेवढी भिंत गेली आणि समोरच्याची शाबूत राहिली. चांगलं वागणाऱ्याला भुर्दंड बसला. सगळ्यांना एकच नियम असेल तर हा हिशेब उरत नाही. नियमाचा फायदा मुलींना आहे, आणि तुमच्यासारख्या मनात असूनही कचरणाऱ्या मालकालाही आहे.

जागा माझी, सरकारचा संबंध काय, याबद्दलही बोलते. तुमच्या काउंटरवर मीटरपट्टी असेल. तिच्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, ठरावीक मुदतीनं ती तपासून घ्यावी लागते. दुकान तुमचं, कापड तुमचं, पट्टीही तुमच्याच पैशाची. तरी शिक्का लागतो आणि त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नसेल. कारण पट्टी दोन सूत कमी असली तर गिऱ्हाइकाला ते तिथल्या तिथं ओळखता येत नाही. जे दुसऱ्याला दिसत नाही किंवा विचारता येत नाही, तिथं कुणीतरी तिसऱ्यानं बघावं लागतं. दुकानाच्या मागच्या खोलीचंही तसंच आहे.

आणि ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं कामाच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळी शौचालयं हवीत असा कायदा १८८७ मध्येच केला होता. आपल्याकडं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमात स्त्री-पुरुष कामगारांसाठी वेगळी, बंदिस्त सोय सांगितली होती आणि त्या कायद्याखालच्या नियमांत २५ बायकांमागं निदान एक शौचालय असा हिशेबही दिला होता. म्हणजे गिरणीतल्या बाईला हा हक्क पाऊणशे वर्षांपूर्वी कागदावर तरी मिळाला. त्याच गिरणीतलं कापड विकणारी दुकानातली बाई मात्र बरीच मागं राहिली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यात, ज्याला आपण सगळे शॉप ॲक्ट म्हणतो, पुरुष आणि स्त्रियांसाठी पुरेशी शौचालयं-मुताऱ्या देण्याची जबाबदारी मालकावर आहे; तो किती माणसांच्या दुकानाला लागू, ते पुढं सांगते. केंद्राची २०२० ची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीबद्दलची कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या २३ व्या कलमात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या सोयीचा उल्लेख आहे. तेव्हा सूनबाई चुकीचं सांगत नाहीत. नेमकं काय काय लागू होतं ते तुमच्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात एकदा जाऊन विचारा, मिस्त्रीच्या किंवा मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका.

तुम्ही कापडवाले आहात म्हणून कोळिकोडची गोष्ट सांगायलाच हवी. केरळातल्या त्या शहरात मिठाई तेरुवु नावाची जुनी बाजारपेठ आहे, कापडाच्या दुकानांनी भरलेली. तिथल्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत आणि लघवीला जायला जागा नव्हती. सोय मागितली तर पाणी कमी प्या, असं ऐकायला मिळायचं. पी. विजी नावाची शिवणकाम करणारी एक बाई उभी राहिली. तिनं ‘पेणकूट्टु’ म्हणजे बायकांचं संगत-मंडळ काढलं आणि शौचालयाच्या मागणीपासूनच सुरुवात केली. पुढं बसण्याच्या हक्काची मागणी आली. मोठ्या कामगार संघटना आधी फिरकल्यासुद्धा नव्हत्या. शेवटी २०१८ मध्ये केरळनं आपल्या दुकान कायद्यात बदल करून बसण्याचा हक्क लिहून दिला, २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसाच कायदा केला. इतकी वर्षं त्या बाजारात भले मालक नव्हते असं थोडंच आहे? होते. पण नुसत्या भलेपणानं एकाही दुकानात खुर्ची आली नव्हती.

आता इन्स्पेक्टर आणि पाकीट. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बाजारात बसणाऱ्या माणसाला ती रोज दिसते. पण हप्ता कशावर चालतो? ज्या नियमाचा अर्थ फक्त तपासणाऱ्यालाच कळतो, त्यावर. टाइल कोणती, खिडकी किती इंच, पाटी कोणत्या रंगाची, असलं लिहायला घेतलं की पाकिटाला वाट मिळते. म्हणून सरकारनं पडावं, पण थोडक्याच गोष्टींत पडावं आणि त्या अशा असाव्यात की आठवी शिकलेली मुलगीही हो किंवा नाही सांगू शकेल. दार पूर्ण आहे का? आतून कडी लागते का? नळाला पाणी येतं का? झाकणाचा डबा आहे का? विचारल्याशिवाय जाता येतं का? तपासायला आलेल्या माणसानं मालकाशी बोलण्याआधी या पाच गोष्टी तिथल्या बायकांना बाजूला घेऊन विचाराव्यात आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. चौदा जणांच्या दुकानात याला दहा मिनिटं लागतील.

नुसता नियम असून भागत नाही हे पेट्रोल पंपावर कळतं. पंप खासगी माणसाचा असला तरी शौचालय ठेवणं त्याला बंधनकारक आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्यानं लेकीबाळी घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, किती ठिकाणी दाराला कुलूप असतं आणि चावी कुणाकडं तरी असते. दार आहे, पाटी आहे, कागदोपत्री सगळं आहे. बाईनं मात्र गाडीत बसून पुढच्या पंपाची वाट बघायची.

मला सरकारच्या एका गोष्टीचा मनापासून राग आहे, तो इथं सांगते. २०१७ चा शॉप ॲक्ट निदान १० कामगार असलेल्या दुकानांना लागू केला होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० वर न्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांचं कागदकाम कमी व्हावं म्हणून, असं सांगितलं गेलं. कागद जरूर कमी करा. रजिस्टरं कमी करा, परवाने कमी करा. पण एकोणीस जणांच्या दुकानातल्या मुलीला लघवी लागत नाही का? बाजारपेठेतली बहुतेक दुकानं लहानच असतात आणि बहुतेक मुली तिथंच काम करतात. कागदाची सूट देताना त्याच्यासोबत मोरीचीही सूट जाऊ नये, एवढी काळजी घ्यायला काय हरकत होती?

लहान दुकानांची अडचण खरी आहे, तीही मान्य करते. आठ बाय दहाच्या गाळ्यात दोन संडास बांधा म्हणणं हा जुलूम आहे. तिथं वेगळेपणाचा हट्ट मी धरणार नाही. एकच खोली असेल, भिंती छतापर्यंत असतील, एका वेळी एकच माणूस आत जाणार असेल आणि कडी पक्की असेल, तर तिच्यावर पुरुष लिहिलंय की स्त्री यानं फारसं बिघडत नाही. कॅलिफोर्नियानं २०१७ पासून अशा एकट्याच्या खोल्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवायला सांगितल्या आहेत. तृतीयपंथी व्यक्ती कामाला आली तर तिच्यासाठीही अशी खोली सोयीची. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर आणि २०१९ च्या कायद्यानंतर त्यांचाही विचार मालकांना करावाच लागणार आहे आणि करायला हवा. वेगळेपणा लागतो तो जिथं मुताऱ्यांची रांग आहे, अर्धवट दारं आहेत, येणं-जाणं एकाच बोळातून आहे आणि माणसं जास्त आहेत तिथं. तुमच्याकडं ८ मुली आणि ६ पुरुष आहेत, एक खोली पुरणार नाही. दोन करा आणि एक मुलींना द्या.

ज्यांना एकही जमत नाही त्यांच्यासाठी शॉप ॲक्टमध्येच वाट ठेवलेली आहे: जागेअभावी अडत असेल तर अनेक मालकांनी मिळून सामाईक सोय केली तरी चालते. तुमच्या ओळीतल्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक बांधलं, सफाईला एक बाई पगारावर ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च असा किती येणार? हे तुम्ही व्यापारी संघटनेच्या बैठकीत मांडा. तुमचे मित्र नियमाच्या नावानं ओरडतात, त्यांना ही वाट कुणी सांगितलेलीच नसेल.

आणि सगळं ओझं दुकानदारावर टाकणंही बरोबर नाही. खरेदीला खेड्यातून येणाऱ्या बायकांची सोय नगरपालिकेनं करायची आहे. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, चळवळ उभी राहिली ती एका साध्या गोष्टीवरून, की सार्वजनिक मुतारीत पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’नं केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना बजावलं की रस्त्यावर येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ शौचालयं पुरवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. तुमच्या बाजारपेठेत ते कुठं आहे, हे विचारायला व्यापाऱ्यांनी एकदा नगरपालिकेत जावं. सरकारनं आमच्यात पडू नये म्हणायचं, तर सरकारनं स्वतःचं काम केलंय का हेही विचारायला हवं.

आता तुमच्या बांधकामाचं. मिस्त्री जिन्याशेजारी म्हणतोय, खाली म्हणत नाही ना, ते नीट पाहून घ्या. जिन्याच्या पोटाखाली काढलं तर बाईला वाकून उभं राहावं लागतं आणि साडी भिजते. दार गोदामाकडं उघडू देऊ नका, हमाल तिथंच बसतात. दिव्याचं बटण आत ठेवा. बाहेर असलं की कुणीतरी जाता जाता बंद करतं आणि आतली मुलगी अंधारात गप्प उभी राहते, मी राहिलेली आहे. उंचावर एक पक्की खुंटी, ओढणी आणि पर्स अडकवायला. झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करायला ठरलेलं माणूस. पॅड कागदात गुंडाळून पिशवीत घरी नेणारी मुलगी तुमच्याही दुकानात असेल. वरून हवा जायला झडपा, पण समोरच्या माळ्यावरून आत दिसणार नाही अशा. मोरीचा उतार लादी बसवण्याआधी पाणी ओतून बघा.

चावी मात्र ठेवूच नका. गल्ल्यावर तर मुळीच नको. गिऱ्हाइकांसमोर मालकाकडं चावी मागायची म्हणजे परत तेच, मुली पाणी पिणं बंद करतील. आणि कोण किती वेळा गेलं हे मोजायची सवय दुकानातल्या कुणाला असेल तर त्यांना तुम्हीच स्पष्ट सांगा. ते सूनबाईंवर टाकू नका, तुमच्या तोंडून आलं तरच ते ऐकतील.

कपाटाचं दुःख मला कळतं. वडिलांच्या वेळेपासून शालू तिथं आहेत. पण शालू घेणारं गिऱ्हाईक ते समोर दिसलं म्हणून घेत नाही, ते ठरवून आलेलं असतं. त्याला आत नेऊन गादीवर बसवून दाखवतात. कपाट आतल्या बाजूला नेलंत तर विक्री कमी होईल असं मला वाटत नाही, पण हा धंदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मुलींना तिथल्या पाच बाय चार फुटांची जी गरज आहे, ती मला कळते.

शेवटी एक विनंती. मुलींना काय हवं ते तुम्ही स्वतः विचारू नका. तुम्ही विचारलंत तर त्या म्हणतील, काही नको मालक, चाललंय. सूनबाईंना एक दिवस अर्धा तास त्यांच्यासोबत मागं बसू द्या, तुम्ही आणि बाकीचे पुरुष तेवढा वेळ पुढं काउंटर सांभाळा. खडूनं जमिनीवर आखून त्यांना दाखवायला सांगा की दार कुठं, नळ कुठं, खुंटी किती उंच. मिस्त्री त्यानंतर येऊ दे. आणि पिण्याच्या पाण्याचा माठ नव्या दुकानात कुठं ठेवायचा, तेही त्याच वेळी त्यांनाच विचारून घ्या.

तुमची,
ताई